वयनीबरोबर बँकॉकच्या नदीवर

वयनी म्हणजे माझी मोठी जाऊ. देवबागात आमचं घर वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर आहे, मागे खाडी आणि पुढे समुद्र. त्या घराच्या काही खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. रांधणं, वाढणं, चादरी बदलणं, सकाळी डॉल्फिन बघायला निघालेल्या पाहुण्यांना डबे भरून देणं, हे सगळं आम्ही दोघी मिळून करतो. पावसाळ्यात होड्या वर ओढून माडाच्या विणलेल्या झापांखाली ठेवलेल्या असतात आणि पाहुणे येत नाहीत. तेव्हा आम्ही भिंतींवरची बुरशी पुसतो आणि राहिलेली झोप काढतो.

पुण्याला नोकरी करणारी माझी लेक अशाच एका पावसाळ्यात घरी आली आणि जेवताना म्हणाली, "आये, मोठी आये, तुमका दोघींका मी बँकॉकाक घेवन जातंय."

मला वाटलं, वयनी हसून सोडून देईल. तिनं माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला आणि विचारलं, "थयसर नदी आसा काय?"

"मोठी आसा. बोटी पण आसत. लोक बोटीन कामाक जातत."

"मगे येतंय. देवळां दोन दाखव, दुकानां नको. पण माका होडयेत बसवन फिरव."

लेक माझ्याकडे बघू लागली. दारात होड्या असलेल्या बाईनं होडीत बसायला परदेशी जायचं, हे तिला कळेना. मला कळलं. वयनीचं माहेर तोंडवलीचं. वडील रापणीचं जाळं ओढायला जाणारे, ही पोरगी चालायच्या आधी पोहायला शिकलेली. पण लग्न होऊन आल्यापासून ती होडीत बसली ती कुणाच्या तरी बाराव्याला नाहीतर दवाखान्यात जायला. नुसतं बसून दोन्ही काठ बघायचे, असं तिला कुणी कधी म्हटलं नव्हतं. मीही नाही.

माझी गोष्ट उलटी. मी वैभववाडीची, सह्याद्रीच्या पायथ्याची. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर आणि पावसातला व्हाळ. इतकी वर्षं खाडी आणि समुद्राच्या मधोमध राहूनही मला पाण्याची भीती वाटते. होडीत पाय ठेवला की मी हाताला लागेल ते घट्ट धरते. मी लेकीला बाजूला घेऊन म्हटलं, "मी काठावर बसान तुमची वाट बघीन." ती बरं म्हणाली. नंतर तसं काही घडलं नाही.

नवऱ्यानं घर आणि कुत्रा सांभाळायचं कबूल केलं आणि आम्ही तिघी मोप्याच्या विमानतळावरून मुंबईला, मुंबईहून बँकॉकला गेलो. विमानात वयनीनं खिडकी धरली ती सोडलीच नाही. खाली ढग होते, दुसरं काही नव्हतं, तरी ती बघत राहिली.

हॉटेल नदीपासून जवळच्या एका गल्लीत होतं. पहिल्या सकाळी आम्ही दोघी उजाडायच्या आधी उठलो. सवयच ती. उठलो खऱ्या, पण करायचं काय? चूल नाही, पाणी भरायचं नाही, अंगण झाडायचं नाही. वयनीनं आपली चादर ताणून, कोपरे मुडपून पलंग असा नीट केला की झोपलं होतं कुणी असं वाटेना. मग ती म्हणाली, "हेंचे कोपरे बरे आसत. आमी असेच घालुया." नाश्त्याच्या वेळी तर तिनं कमालच केली. खाणं झाल्यावर आमच्या ताटल्या एकावर एक रचल्या, शेजारच्या टेबलावरच्याही उचलल्या आणि आत नेऊ लागली. वाढणारी मुलगी धावत आली, दोन्ही हात जोडून हसली आणि ताटल्या काढून घेतल्या. वयनी परत येऊन खुर्चीत बसली आणि हात मांडीवर ठेवून म्हणाली, "आता ह्या हातांचा करू काय मी?"

त्या दिवशी लेकीनं आम्हाला निजलेल्या बुद्धाच्या देवळात नेलं. आत शिरलो तेव्हा मला आधी एक सोन्याची भिंतच दिसली. मग कळलं, तो खांदा. मूर्ती एवढी लांब की एका नजरेत मावत नाही. खांबांमधून थोडी थोडी बघत चालायचं. आधी चेहरा, मग दंड, मग कितीतरी वेळ नुसती वस्त्राची सोनेरी लाट आणि शेवटी पाय. तळपायांवर शिंपल्याच्या चकाकीची नक्षी आहे. वयनी तिथं बराच वेळ हात जोडून उभी राहिली.

बाहेर आल्यावर म्हणाली, "आमचो रवळनाथ कायम तलवार घेवन उभो. गावाची राखण करता ना. ह्येका बघ कसो निवांत. बघून माकाच बरा वाटला."

लेक तिला त्या मूर्तीचा अर्थ सांगू लागली, की ही बुद्धाची शेवटची वेळ आहे. वयनीनं सगळं ऐकून घेतलं. "तेव्हाही तोंडार हसू आसा मां?" तिनं विचारलं. लेक म्हणाली, आहे. "मगे झाला," वयनी म्हणाली.

पलीकडच्या काठावर दुसरं देऊळ दिसत होतं, उंच, फिकट रंगाचं, टोकदार. तिथं जायला छोटी फेरीबोट होती आणि मला वाट बघत बसायला धक्क्यावर जागाही होती. मी तसं म्हणताच वयनीनं माझं मनगट धरलं. "चल गो. एवढीशी तर नदी." ती एवढीशी नव्हती. तपकिरी, फुगलेली, वर जलपर्णीचे हिरवे पुंजके वाहत चाललेले. बोटीत मी डोळे मिटून बसले आणि उघडले तेव्हा आलो होतो.

त्या देवळाच्या भिंतींवर लांबून नाजूक फुलं दिसतात. जवळ गेल्यावर कळतं की ती कपबशा आणि ताटल्यांच्या तुकड्यांची बसवलेली आहेत. कुठं बशीची निळी कड, कुठं अर्धी वाटी. पूर्वीच्या जहाजांतून चीनहून आलेली भांडी, असं लेकीनं सांगितलं. वयनी बोटानं एकेक तुकडा चाचपत चालली होती. "ही बशी. ह्यो कपाचो कान गेलेलो. हां बघ, ह्या झाकण." घरात भांडं फुटलं की आपण केरात टाकतो, आणि इथं त्याचं देऊळ झालं, हे तिला फार आवडलं. मग त्या उभ्या पायऱ्या ती साडीचा ओचा खोचून चढली आणि वरून मला हाक मारली. आजूबाजूच्या परदेशी लोकांनी वळून बघितलं. मीही चढले.

दुसऱ्या दिवशी लेकीला ऑफिसचं काहीतरी निघालं. कॉम्प्युटर उघडून ती हॉटेलातच बसली. "दुपारपर्यंत थांबा, मगे जावया," ती म्हणाली. वयनी चपला घालून दारात उभी होती. लेकीनं शेवटी मला समजावून सांगितलं, धक्क्यावर जा, नदीनं वर जाणाऱ्या बोटीत बसा, तिसऱ्या धक्क्यावर उतरा, तिथं फुलांचा बाजार आहे, तो बघा आणि तसंच परत या. बोटींवर वेगवेगळ्या रंगांचे बावटे असतात, रंग बघून बसा. तिनं रंग सांगितलाही होता. धक्क्यावर पोचेपर्यंत मी तो विसरले.

बोट आली. आली म्हणजे काय, धक्क्याला जेमतेम टेकली. मागच्या पोरानं शिट्टी फुंकली, लोक उड्या मारून उतरले, लोक चढले. "बावटो खंयचो?" मी विचारत होते तोवर वयनी चढलीसुद्धा, आणि तिनं हात पुढे केला. तिला एकटीला कशी सोडणार? मी डोळे झाकून पाय टाकला.

तिकीटवाली बाई पत्र्याची लांब नळी खुळखुळवत आली. त्याच नळीत तिचे पैसे, त्यातच तिकिटं. आम्ही नाणी पुढे केली, तिनं हवी ती उचलली. वयनी कडेच्या बाकावर बसली होती, तोंडावर पाण्याचे तुषार घेत. मी मधल्या खांबाला दोन्ही हातांनी धरून उभी. एक धक्का गेला. दुसरा गेला. तिसरा आला, आणि बोट त्याच्या समोरून थांबता थांबता तशीच पुढे गेली. चौथ्यालाही थांबली नाही.

"वयनी, आमी चुकलो."

"बरा झाला," ती म्हणाली. "बस हयसर."

मी तिच्या बाकाच्या आतल्या टोकाला बसले. आणि बसल्यावर पहिल्यांदा मी काठाकडे बघितलं. तोवर मी फक्त बोटीची जमीन बघत आले होते. काठावर उंच काचेच्या इमारती संपून लाकडी घरं सुरू झाली होती, खांबांवर उभी, दाराला पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. एक म्हातारा शेवटच्या पायरीवर बसून दात घासत होता. एका घराच्या ओट्यावर मोगऱ्याच्या कुंड्या, एका घरी वाळत घातलेले शाळेचे पांढरे शर्ट. वाळू भरलेले लोखंडी पडाव एकामागे एक बांधून पुढे चाललेले, आणि त्यांना ओढणारी होडी एवढीशी की मला हसू आलं. वयनी सगळ्यांना हात करत होती. दात घासणाऱ्या म्हाताऱ्यानंही ब्रश वर करून हात केला.

बोट जिथं संपली त्या गावाचं नाव नोंथबुरी, हे नंतर लेकीनं सांगितलं. धक्क्याबाहेर घड्याळाचा मनोरा आणि लगेच बाजार. तिथं आमच्यासारखं फिरायला आलेलं कुणी दिसत नव्हतं. बायका पिशव्या घेऊन भाजी घेत होत्या. आम्ही मासळीच्या बाजूला वळलो, आम्हाला कुणी वळवायला लागत नाही. आणि तिथं वयनी थांबली. छोट्या गोल बांबूच्या टोपल्यांत बांगडे ठेवले होते, वाफवलेले, दोन दोन तीन तीन, आणि टोपलीत मावावेत म्हणून सगळ्यांच्या माना मोडून खाली वाकवलेल्या.

"बघ गो," वयनी म्हणाली, "कशे लाजलेहत."

मासेवाली आमच्याकडे बघून हसली. वयनीनं एक टोपली उचलून वास घेतला, डोळा बघितला, मान हलवली आणि परत ठेवली. मासेवालीनंही मान हलवली. त्यांचा व्यवहार काही झाला नाही, पण दोघी समाधानी दिसल्या.

तेवढ्यात पाऊस आला. आपल्याकडे पाऊस येतो तेव्हा आधी समुद्र काळा पडतो, वारा कळवतो. इथं ऊन होतं आणि क्षणात पन्हाळ्या वाहू लागल्या. आम्ही धावत एका गल्लीत शिरलो आणि पत्र्याच्या पडवीखाली उभ्या राहिलो. ती एका घराची पडवी होती. पुढ्यात कोळशाची शेगडी, शेगडीवर काळं गोल भांडं आणि त्याच्या मागे वयनीच्याच वयाची एक बाई बसलेली. आमच्या साड्या पोटऱ्यांपर्यंत भिजल्या होत्या. तिनं बघितलं, काहीतरी म्हणाली आणि पायानं दोन स्टुलं पुढे सरकवली.

आम्ही बसलो. वयनीची नजर त्या भांड्यावर गेली. त्याला खळगे होते.

"आप्पेपात्र," ती म्हणाली.

होतंच ते. आपल्यापेक्षा जाड, लोखंडी, पण तेच. बाईनं प्रत्येक खळग्यात पातळ पांढरं पीठ ओतलं, वरून नारळाचा दाट रस घातला, आणि त्यावर चिमटीनं हिरवं काहीतरी टाकलं. वयनी पुढे वाकली.

"पातीचो कांदो. गोडाक पातीचो कांदो?"

बाईनं झाकण घातलं. थोड्या वेळानं चमच्यानं एकेक अर्धुक सोडवलं, दोन दोन जोडून त्यांचे गोळे केले आणि केळीच्या पानाच्या द्रोणात घालून आमच्यापुढे धरले. बाहेरून कुरकुरीत, आत ऊन ऊन नारळाचा रस, गोड आणि खारट एकदम, आणि मध्येच तो कांदा. माझी जीभ भाजली. वयनी बराच वेळ चघळत राहिली. मग म्हणाली, "लागता बरो. कोणी सांगल्यानी आसता तर इस्वास ठेवलंय नसतंय."

आतल्या बाजूला खर्र खर्र आवाज येत होता. डोळे अंधाराला सरावले तेव्हा दिसलं, त्या बाईचा नवरा एका बुटक्या लाकडी घोड्यासारख्या पाटावर बसून नारळ खोवत होता. पाटाला पुढे लोखंडी दातऱ्याची खोवणी, आपल्या विळीला असते तशी. फक्त त्या पाटाला कोरून सशाचा आकार दिलेला होता, पाठ, शेपूट सगळं. म्हातारा सशाच्या पाठीवर बसून शांतपणे नारळ खोवत होता.

वयनीनं मला कोपरानं ढोसलं. "हयसर घोव नारळ खोवता."

आम्ही दोघी हसायला लागलो. का हसतो ते त्या बाईला समजलं असावं. तिनं नवऱ्याकडे बोट दाखवून काहीतरी लांबलचक सांगितलं, त्यानं नारळावरून मान न उचलता एकाच शब्दात उत्तर दिलं आणि ती कपाळावर हात मारून हसली. आता हे कुठल्याही भाषेत सांगायला लागतं का?

पाऊस थांबेना. वयनीनं मालवणीत बोलायला सुरुवात केली, अगदी शेजारणीशी बोलावं तसं. "पीठ तांदळाचा मां? रात्री भिजत घालतंस? आमी उडीद घालतो." ती बाई तिच्या भाषेत उत्तरं देत होती. एकदा तिनं तांदळाची पिशवी उघडून दाखवली, एकदा पिठाचं भांडं पुढे केलं आणि ओतायची किटली वयनीच्या हातात दिली. वयनीनं पहिल्या दोन खळग्यांबाहेर सांडलं. बाईनं तिचा हात धरून किटली जराशी उचलली. पुढचे सगळे नीट भरले. रस्त्यावरून छत्री घेऊन जाणारं एक गिऱ्हाईक थांबलं, साडी नेसून आप्पे ओतणाऱ्या बाईकडे बघत राहिलं आणि तेच आप्पे विकत घेऊन गेलं. वयनीचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता.

मग त्या बाईनं आम्हा दोघींकडे बोट करून, दोन बोटं जवळ आणून काहीतरी विचारलं. तुम्ही एकमेकींच्या कोण, असं असावं. जाऊ हे कसं सांगायचं? मला इंग्रजीतही तो शब्द येत नव्हता. मी म्हटलं, "सिस्टर." तिला कळलं. तिनं मान डोलावली.

"काय सांगलंस तिका?" वयनीनं विचारलं.

"भयणी म्हणान सांगलंय."

 शेगडीतला एक निखारा वयनीनं चिमट्यानं सारखा केला. मग म्हणाली, "बरा सांगलंस."

फोन वाजला. लेक होती. "आये, तुमी खंय आसात? फोनार तुमी शहराच्या भायर दिसतात."

"आप्पे खातो."

"काय?"

"आप्पे. मोठी आये करता हा."

 लेक म्हणाली, तिथंच बसा, मी येते. मी म्हटलं, "नको, आमी येतो. बोट आसा." हे मी म्हटलं यावर माझाच विश्वास बसेना.

पाऊस उतरल्यावर त्या बाईनं शेगडी नवऱ्याच्या हवाली केली आणि आम्हाला धक्क्यापर्यंत पोचवायला आली. तिकीटवालीशी काय बोलली कोण जाणे, पण परतीच्या बोटीत ती तिकीटवाली दर धक्क्याला आमच्याकडे बघून हातानं 'अजून नाही' अशी खूण करत होती. निघताना वयनीनं आपल्या पिशवीतून घरचं कोकमाचं पाकीट काढून त्या बाईला दिलं. त्याचं काय करायचं हे सांगायला वेळच मिळाला नाही. बोट सुटली तेव्हा ती धक्क्यावर पाकिटाचा वास घेत उभी होती.

येताना मी कडेच्या बाकावर बसले. वयनी माझ्या शेजारी. ऊन पुन्हा पडलं होतं, नदीवरून वाफ उठत होती. पाणी हाताला लागेल इतकं जवळ होतं. भीती वाटत नव्हती असं नाही. पण ती भीती बाजूला बसली होती, आणखी एका बाईसारखी, आणि तिच्यामुळे माझं बघणं थांबत नव्हतं.

वयनी म्हणाली, "तू लग्न होवन इलंस तेव्हा माका तुझो भंय वाटलेलो."

"माझो? कित्याक?"

"तू बारावी शिकलेली. खाली मान घालून बसायचंस, काय बोलायचंस नाय. माका वाटला, हिका आमचो गाव आवडलो नाय. मनात म्हटलंय, जातली ही मुंबयक."

"मी पाण्याक भियायचंय," मी म्हटलं. "दोनूय बाजूक पाणी. रात्री लाट वाजली की झोप लागायची नाय."

तिनं माझ्याकडे वळून बघितलं. "तेव्हा सांगूक काय झाल्ला? मी निजलंय आसतंय तुझ्याबरोबर."

इतकी वर्षं एका चुलीपुढे उभ्या राहून आम्ही मीठ किती, पाहुणे किती, एवढंच बोलत आलो होतो. बोलायला वेळ नव्हता असं मी म्हणत असे. खरं तर समोरासमोर रिकाम्या हातानं बसायची सवय नव्हती.  नदीवरच्या एका वळणावर ते कपबशांचं देऊळ दिसलं, पावसानं धुतलेलं, आणि आम्ही दोघींनी एकदमच हात जोडले.

लेक धक्क्यावर उभी होती. रागवायचं ठरवून आली असावी. आम्हाला उतरताना बघून तिनं तो बेत सोडला आणि विचारलं, "माझ्यासाठी आप्पे हाडल्यात काय?" वयनीनं पिशवीतून द्रोण काढला. थंड झाले होते, तरी तिनं धक्क्यावरच उभ्या उभ्या सगळे संपवले.

शेवटचा दिवस आम्ही मागे लांब दांड्याचं इंजिन असलेल्या, तिथं लांब शेपटीची म्हणतात त्या बोटीनं कालव्यांतून फिरलो. कुणी न सांगता मी पुढे बसले. वळणावर दुसऱ्या बोटीची लाट आली आणि मी नखशिखांत भिजले. लेकीनं फोटो काढला आहे. त्यात माझे डोळे मिटलेले आणि तोंड पूर्ण उघडं आहे. संध्याकाळी तिनं आम्हाला पाय चोळून देणाऱ्या दुकानात नेलं. वयनी पाय मागे ओढून बसली. आपल्यापेक्षा लहान मुलीनं आपल्या पायांना हात लावायचा म्हणजे काय? त्या मुलीनं हसत हसत कोमट पाण्याचं घंगाळ पुढे ठेवलं. थोड्याच वेळात वयनी घोरू लागली. आम्ही तिला उठवलं नाही. ती मुलगीही शेवटी तिच्या अंगावर चादर घालून बाजूला बसली.

लेक मुंबईहूनच पुण्याला गेली. आम्ही दोघी देवबागात परत आलो तेव्हा दुपार होती आणि पाऊस कोसळत होता. नवऱ्यानं पेज करून ठेवली होती आणि सुके बांगडे भाजले होते. कुत्र्यानं आम्हा दोघींना चाटून घेतलं. जेवायला बसल्यावर नवऱ्यानं विचारलं, "कसा झाला? काय काय बघलात?"

मी सांगायला लागले, आधी निजलेला बुद्ध. वयनी म्हणाली, आधी विमानाची खिडकी. मी म्हटलं, नदी तपकिरी होती. ती म्हणाली, हिरवी, झाडांची सावली पडत होती ना. मी म्हटलं, त्या आप्पेवाल्या बाईनं पांढरी साखर घातली होती. ती म्हणाली, साखर नव्हेच, तो ताडाचा गूळ. मासेवाली जाडी होती की बारीक यावरही आमचं जमेना.

नवऱ्यानं पेजेचा वाडगा खाली ठेवला आणि आळीपाळीनं दोघींकडे बघितलं. "तुमी एकाच गावाक गेल्लात मां?"

"तुमच्या चेडवाक इचारा," वयनी म्हणाली, आणि ओल्या साड्यांची पिशवी उचलून पडवीत दोरी बांधायला गेली. मी दुसरं टोक धरायला तिच्या मागून गेले.